सोसेल तेवढीच आच

दुकानात जाऊन बहुतेक जण एवढंच म्हणतात, "एक सोल्डर वायर द्या." दुकानदार हाताला लागेल ते रीळ काढून देतो. तांदूळ घेताना आपण आंबेमोहोर की कोलम हे विचारतो, इथे मात्र कुणी काही विचारत नाही. या करड्या-चंदेरी तारेच्या संगतीत माझं सगळं कामाचं आयुष्य गेलं. सुरुवात पुण्यात बुधवार पेठेच्या परिसरात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात झाली. नंतर एका कारखान्यात पीसीबी जोडणीची लाइन सांभाळली. आता निवृत्तीनंतर गच्चीवरच्या खोलीत पितळेचे रेल्वेचे डबे, इंजिनं आणि रूळ करत बसतो. या तिन्ही कामांतून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. सोल्डर निवडताना जोडायच्या वस्तूला किती आच सोसेल हे आधी ठरवायचं, आणि त्यावरून तार कोणती, फ्लक्स (सांध्याची जागा साफ करणारा पदार्थ) कोणता, आयर्न किती वॅटचं हे आपोआप ठरत जातं.

दुकानात मी उमेदवारी सुरू केली तेव्हा 1982 च्या एशियाड खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही नुकता देशात आला होता. दुरुस्तीला मात्र जास्त करून ट्रान्झिस्टर आणि ब्लॅक-अँड-व्हाइट सेटच यायचे. टेबलावर 25 वॅटचं सोल्ड्रॉन आयर्न, बाजूला राळेचा खडा आणि मोठ्या रिळावर 60/40, म्हणजे 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसं. दुकानाच्या मालकांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. दादा बोलायचे कमी, पण शिकवायची त्यांची पद्धत डोळ्यांना शिकवायची होती. एका दुपारी त्यांनी फरशीच्या एका तुकड्यावर दोन थेंब पाडले, एक 60/40 चा आणि एक 63/37 चा. म्हणाले, "हात लावू नकोस, नुसतं बघ."

दोन्ही थेंब आरशासारखे चमकत होते. 63/37 चा थेंब क्षणात गोठला. मधली अवस्था जवळजवळ नव्हतीच, पाणीदार होता तो एकदम घट्ट झाला. 60/40 च्या थेंबावर मात्र आधी एक धूसर साय आली, कडेकडून आत सरकत गेली, आणि मग तो बसला. दादांनी दुसऱ्यांदा तो वितळवला, साय येत असतानाच सुईने किंचित हलवला. गोठल्यावर तो खरबरीत, साखरेच्या कणांसारखा दिसत होता. "सांध्यातला पाय हलला की असं होतं," ते म्हणाले. "वरून चिकटलेलं वाटतं, आतून तुटलेलं असतं."

त्यामागचं कारण मला पुढे वाचून समजलं. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं 327 ला. दोन्ही मिसळले की मिश्रण दोघांपेक्षा कमी तापमानाला वितळतं, आणि 63 ला 37 या प्रमाणात ते सगळ्यात खाली, 183 अंशांवर येतं. याच एका प्रमाणात घन आणि द्रव यांच्यात मधला टप्पा राहत नाही. 60/40 मध्ये 183 ते सुमारे 190 असा पाच-सात अंशांचा पट्टा असतो, त्यात मिश्रण धड पातळ नाही, धड घट्ट नाही. शिसं वाढवत गेलं की हा पट्टा रुंदावतो. जुन्या काळी नळकाम करणारे शिशाच्या पाइपावर सांधा पुसून-पुसून गोलाई द्यायचे, तेव्हा त्यांना मुद्दाम रुंद पट्ट्याचं, शिसं जास्त असलेलं सोल्डर लागायचं. म्हणजे तो पट्टा मुळात वाईट नाही. पाइपावर तो कामाचा ठरतो, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या बारीक सांध्यावर त्याचा त्रासच होतो. घटक पीसीबीच्या छिद्रात स्थिर बसलेला असेल तर 60/40 ने काही बिघडत नाही. मात्र एका हातात वायर, दुसऱ्या हातात आयर्न आणि तार दोन बोटांच्या चिमटीत, अशी वेळ असेल तर मी 63/37 च उचलतो. हात थरथरायला जेवढा कमी अवधी मिळेल तेवढं बरं.

दुकानात सगळ्यात जास्त बिघाड कुठला निघायचा, तर ड्राय सोल्डर. टीव्हीच्या डोक्यावर चापटी मारली की चित्र येतं, थोड्या वेळाने पुन्हा जातं, ही तक्रार त्या काळात घरोघरी होती. मागचं झाकण काढून पीसीबी उलटी धरली आणि दिवा बाजूने, तिरका पाडला की भिंगातून लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या पायांभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसायची. सेट चालू असताना हे पाय तापतात, बंद केला की निवतात. तापताना धातू फुगतो, निवताना आकसतो, आणि रोजच्या रोज तीच ओढाताण झाली की सोल्डर पायाभोवती गोलाकार चिरतं. नुसतं आयर्न टेकवून ती रेघ मिटवली की सेट चालू व्हायचा, पण काही महिन्यांनी गिऱ्हाईक परत यायचं. दादांचा नियम होता की जुनं सोल्डर पंपाने पूर्ण ओढून काढायचं, पाय खरवडून लखलखीत करायचा, नवी तार फ्लक्ससकट द्यायची. जड आणि तापणाऱ्या घटकांना सोल्डर थोडं जास्त आणि तारही जाड, 18 गेजची. बारीक कामाला 22 गेज. आजच्या हिशेबात ही जाडी अनुक्रमे सुमारे 1.2 आणि 0.7 मिलिमीटर होते.

तारेची जाडी हा विषय लोक फार हलका धरतात. जाड तार बारीक पॅडवर लावली की सोल्डरचा डोंगर होतो, शेजारच्या पॅडशी पूल बांधला जातो. उलट बारीक तार जाड वायरीला द्यायला घेतली तर हातभर तार घालेपर्यंत आयर्न सांध्यावर रेंगाळतं, तेवढ्यात वायरीवरचं प्लास्टिक आक्रसून मागे सरकतं. इथेही प्रश्न शेवटी आच किती वेळ सोसायची हाच. चांगला सांधा दोन-तीन सेकंदांत व्हावा, अशा बेताने तार निवडायची. एसएमडीच्या, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणाऱ्या बारीक घटकांच्या कामाला आता मी 0.5 मिलिमीटर वापरतो.

कारखान्यात गेल्यावर विषयाला वेगळीच बाजू आली. युरोपियन युनियनचा रोह्स निर्देश 1 जुलै 2006 पासून लागू झाला आणि निर्यातीच्या मालात शिसं 0.1 टक्क्याच्या वर चालेनासं झालं. भारतातही 2011 च्या ई-कचरा नियमांनी हीच मर्यादा आणली. लाइनवर 60/40 च्या जागी एसएसी 305 आलं, त्यात 96.5 टक्के कथील, 3 टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं. वितळण्याचं तापमान 183 वरून 217 ते 220 वर गेलं. काही ठिकाणी चांदी परवडत नाही म्हणून कथील आणि 0.7 टक्के तांबं एवढंच घेतलं जायचं, ते 227 ला वितळतं. कागदावर हा फरक 35-45 अंशांचा, पण हातात आयर्न घेतलेल्या माणसाला तो चांगलाच जाणवत होता. सोल्डर पसरायला वेळ घ्यायचं. प्लास्टिकचे कनेक्टर मऊ पडायचे. आयर्नच्या बिटा लवकर खचायच्या, कारण कथील वितळलेल्या अवस्थेत तांबं आणि लोखंड दोन्ही विरघळवतं, आणि नव्या सोल्डरमध्ये जवळजवळ सगळं कथीलच होतं.

तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या मुलींची त्या काळात मोठी पंचाईत झाली. वर्षानुवर्षं त्यांना शिकवलेलं होतं की चकचकीत सांधा पास आणि मळकट सांधा नापास. आता शिसंविरहित सांधा मुळातच थोडा मंद, करडा दिसायचा. पहिल्या आठवड्यांत धडधाकट बोर्डांचे ढीग नापासाच्या ट्रेमध्ये जमले. मग आम्ही चमक बघायचं सोडून कड बघायला शिकवलं. सोल्डर पॅडवर पातळ होत होत, निमुळतं होऊन संपतंय का? पायावर वर चढलंय का? की पावसाच्या थेंबासारखं गोल फुगून नुसतं टेकलंय? कड सांगते ते खरं, कारण धातूने धातूला धरलं की कथील आणि तांब्याचा एक अतिशय पातळ मिश्र थर मध्ये तयार होतो आणि सोल्डर आपोआप पसरतं. धरलं नसेल तर ते फुगतं. नजर नव्याने बसवायला वेळ लागला, पण त्या मुलींच्या नजरेइतकी खात्रीची तपासणी मी नंतर कुठे पाहिली नाही.

शिसं काढायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फेकलेले बोर्ड कुठे जातात आणि उघड्यावर कोण जाळतं, हे आपल्या शहरांच्या कडेला दिसतं. लाखोंनी विकल्या जाणाऱ्या मालात शिसं घालून त्या लोकांच्या अंगावर टाकायला कुठलीच सबब पुरणार नाही. घरच्या टेबलावर, स्वतःसाठी वर्षाकाठी दोन-चार वस्तू करणाऱ्या माणसाचा हिशेब मात्र वेगळा असू शकतो. 183 अंशांवर काम होतं तेव्हा शिकणाऱ्याचा हात लवकर बसतो, पॅड उचलला जात नाही, घटक वाचतात. म्हणून विकायचा माल शिसंविरहित आणि स्वतःचा छंद व जुन्या सेटची दुरुस्ती शिशाच्या तारेने, पण हात धुण्याच्या शिस्तीसह, असा मी नियम ठेवलाय. घरात लहान मुलं असतील तर छंदालाही शिसंविरहितच घ्यावं.

दुरुस्ती करताना आधी बोर्ड काय आहे ते पाहावं. नव्या बोर्डांवर बहुतेकदा शिसंविरहित असल्याची खूण छापलेली असते. तशी असेल तर तीच तार वापरावी. जुन्या रेडिओला शिशाचीच द्यावी. दोन्ही मिसळले तर मधलंच काहीतरी मिश्रण होतं, छोट्या दुरुस्तीत ते चालूनही जातं. बिस्मथ असलेलं सोल्डर मात्र शिशाजवळ नेताना फार जपावं. 58 टक्के बिस्मथ आणि 42 टक्के कथील हे मिश्रण 138 अंशांना वितळतं, नाजूक वस्तूंना फार सोयीचं. पण त्यात शिसं शिरलं की तिघांचं मिळून सुमारे 96 अंशांवर वितळणारं मिश्रण बनू शकतं. पॉवर सप्लायच्या तापणाऱ्या ट्रान्झिस्टरखाली असा सांधा राहिला तर तो चालत्या सेटमध्ये सुटेल. शिवाय बिस्मथचे सांधे ठिसूळ असतात, धक्का सोसत नाहीत.

आता फ्लक्स. आमच्या शेजारची एक मुलगी डिप्लोमा करते, रोबोटच्या स्पर्धेसाठी बोर्ड जोडत होती. एका संध्याकाळी जिना चढून आली. म्हणाली, "काका, सोल्डर चिकटतच नाहीये. वायर बदलून बघितली, तरी गोळ्याच होतायत."

"कशी करतेस ते करून दाखव," मी म्हणालो.

तिने आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेतला, हवेतून नेला आणि सांध्यावर टेकवला. तार चांगली होती, नावाजलेल्या कंपनीची होती. पण त्या दोन सेकंदांच्या प्रवासात तारेच्या पोटातली राळ धूर होऊन उडून गेली होती. सांध्यापर्यंत पोचला तो नुसता धातू, त्यावर ऑक्साइडची कातडी. मी म्हटलं, "आयर्न पॅड आणि पाय दोघांना एकदम टेकव. मनात एक-दोन म्हण. आता तार दुसऱ्या बाजूने आण, आयर्नला लावू नकोस, पायाला लाव." तार पायाला टेकताच वितळली आणि सोल्डर आयर्नच्या दिशेने पळत गेलं. तिने मान वर करून पाहिलं, आणि काही न बोलता पुढचे पाय भराभर लावत गेली. सोल्डर नेहमी तापलेल्या भागाकडे धावतं. राळ वाट साफ करते आणि मागून धातू येतो. हा क्रम जमला की मग तारेला दोष द्यावा लागत नाही.

दुकानात छोट्या गोल डबीत जी पेस्ट मिळते, तिच्याबद्दल मात्र मी प्रत्येकाला बजावतो. अशा कित्येक पेस्टमध्ये झिंक क्लोराइड किंवा नवसागर असतो. नवसागर आपल्याला नवा नाही. कल्हईवाला भांडं तापवून नवसागराची पूड मारतो, पांढरा धूर निघतो, आणि कथील बोळ्याने फिरवलं की तांब्या-पितळेवर पसरतं. पुण्याच्या तांबट आळीत घडलेल्या कित्येक भांड्यांना पुढे हीच कल्हई लागत आली. भांड्याला ते ठीक, कारण भांडं नंतर खळखळून धुतलं जातं. बोर्डावर मात्र ते धुतलं जात नाही. ते क्षार हवेतला दमटपणा शोषतात आणि तांबं खातात. कोकणातून आलेले रेडिओ उघडले की ट्रॅकवर हिरवट बुरशीसारखा थर दिसायचा, आणि कुणीतरी आधी पेस्ट लावून दुरुस्ती केलेली असायची. इलेक्ट्रॉनिक्सला राळेचाच फ्लक्स लावायचा, यात मी कधी तडजोड केली नाही.

पितळेच्या मॉडेलचं गणित उलटं आहे, आणि तिथे गेल्यावर मला जणू पहिल्यापासून शिकावं लागलं. कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात धावत्या छोट्या गाड्या पाहिल्या, तेव्हापासून हे वेड डोक्यात होतं. निवृत्तीनंतर त्याला वेळ मिळाला. पितळ उष्णता भराभर पसरवतं. 25 वॅटचं आयर्न पितळी डब्याच्या भिंतीला टेकवलं तर सगळी आच पत्र्यात पसरून जाते, सोल्डर घोटाळतं, आणि माणूस चिडून आणखी वेळ दाबून धरतो. तेवढ्यात शेजारचा आधीच केलेला सांधा सुटतो. इथे 60 वॅटचं, रुंद बिटाचं आयर्न लागतं, म्हणजे एका जागी झटकन भरपूर आच देऊन लगेच उचलता येतं. आणि पितळावर सौम्य फॉस्फोरिक आम्लाचा फ्लक्स राळेपेक्षा सरस चालतो. काम झाल्यावर मात्र साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने घासून काढणं आलंच, नाहीतर रंग लावल्यानंतर खालून डाग फुटतात.

मॉडेल करणाऱ्याला एकाच तारेवर भागत नाही, त्याला उतरंड लागते. डब्याचा सांगाडा मी कथील-चांदीच्या 221 अंशांच्या सोल्डरने जोडतो. त्यावर खिडक्यांच्या पट्ट्या, पायऱ्या, दांड्या 183 च्या 63/37 ने. अगदी शेवटचे नाजूक तपशील 138 च्या बिस्मथने. पहिल्या टप्प्याचे सांधे दुसऱ्या टप्प्याच्या आचेत हलत नाहीत, दुसऱ्याचे तिसऱ्यात. जुन्या सांध्याला सोसेल एवढीच आच पुढच्या कामाला द्यायची, हा क्रम आधी कागदावर लिहून मगच मी आयर्न चालू करतो. धावणाऱ्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर असेल तर यातलं कुठलंच सोल्डर चालत नाही. दाब आणि उष्णता दोन्ही झेलायला 600 अंशांपलीकडचं चांदीचं ब्रेझिंगच हवं, आणि ते जाणकारांकडूनच करून घ्यावं.

सगळ्यात कसोटी लागते ती व्हाइटमेटलची. बोगीच्या बाजूचे अॅक्सल-बॉक्स, बफर, इंजिनाचा भोंगा हे भाग कथील, शिसं आणि अँटिमनीच्या मिश्रणातून ओतलेले असतात. म्हणजे तो भाग स्वतःच जवळजवळ सोल्डर आहे. 350 अंशांची टिप लागली की अॅक्सल-बॉक्स डोळ्यांदेखत वितळून जातो. यासाठी 70 अंशांना वितळणारं सोल्डर असतं, बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियमचं. ते पितळाला थेट धरत नाही. म्हणून पितळेच्या त्या जागेवर आधी 60/40 चा पातळ हात द्यायचा, भाग जागेवर ठेवायचा, फ्लक्सचा थेंब सोडायचा, आणि टिप 150 ते 200 अंशांच्या दरम्यान ठेवून सोल्डरचा बारीक कण तिथे टेकवायचा. तो थरथरतो आणि एका क्षणात फटीत शिरतो. भाग वाकडा बसला तरी चिंता नाही, उकळत्या पाण्यात धरला की सुटा होतो. कॅडमियम विषारी आहे, त्यामुळे या सोल्डरला कानस किंवा पॉलिश पेपर लावत नाही, गरजेपुरतंच तापवतो आणि खिडकी उघडी ठेवतो.

माझी दोन्ही कामं एकत्र येतात ती रुळांवर. आपल्या ब्रॉड गेजची रुंदी 1676 मिलिमीटर. 1:87 या एचओ प्रमाणात ती 19.3 मिलिमीटर होते, तर बाजारात मिळणारा तयार रूळ 16.5 चा, म्हणजे परदेशी गेजचा. त्यावर आपला डबा ठेवला की चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. म्हणून रूळ हातानेच करावा लागतो. पीसीबीचा तांबं चढवलेला पत्रा कापून स्लीपर करायचे, त्यांवर जर्मन सिल्व्हरचे रूळ सोल्डर करायचे. आधी प्रत्येक स्लीपरच्या तांब्यावर मधोमध कानशीची एक चीर पाडायची, नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट होतात. मल्टिमीटरची पिप वाजतेय का बघत एकेक स्लीपर तपासायचा. मग तांब्यावर सोल्डरचा पातळ लेप, रुळाच्या पायाला फ्लक्स, गेजचा ठोकळा मध्ये, आणि रूळ दाबून धरायला बांबूची काडी. लाकूड उष्णता ओढून घेत नाही, चिमटा घेतो. आयर्न बाजूने टेकवलं की रुळाच्या पायाखालून चंदेरी रेघ सरकत पलीकडे निघते. ती पलीकडे दिसली की सांधा झाला. काडी मात्र आणखी दोन श्वास तशीच धरायची. इथे 63/37 च हवं, कारण रूळ केसभर सरकला तरी चाक घसरतं. लागोपाठचे स्लीपर एका दमात केले तर रूळ तापून लांबतो आणि निवताना वाकतो. म्हणून दर चौथा स्लीपर आधी, मधले नंतर, निवायला वेळ देत.

धुराविषयी थोडं सांगायला हवं, कारण गैरसमज फार आहेत. सोल्डरिंगचा धूर म्हणजे शिशाची वाफ, असं बहुतेकांना वाटतं. शिसं उकळायला 1700 अंशांहून जास्त तापमान लागतं, आयर्न त्याच्या जवळपासही जात नाही. धूर असतो राळेचा. पण म्हणून तो निरुपद्रवी नाही. वर्षानुवर्षं तो हुंगणाऱ्या कामगारांना दमा जडतो, हे वैद्यकीय क्षेत्रात मान्य झालेलं आहे. दुकानातल्या माझ्या एका सोबत्याला शेवटी हे काम सोडावं लागलं. म्हणून छोटा पंखा धूर तोंडापासून ओढून नेईल असा लावावा, कामावर वाकून नाक घालू नये. शिसं पोटात जातं ते हातातून. तार दातात धरायची सवय, काम करता करता चहा-भजी, बोटाने कपाळ पुसणं, या वाटांनी. काम संपलं की साबणाने हात धुवायचे आणि त्या टेबलावर खायचं नाही, एवढं पाळलं तरी मोठा धोका टळतो.

शेवटी खरेदी. शिशापेक्षा कथील कितीतरी महाग, त्यामुळे स्वस्त रिळात कथीलच मारलं जातं. वर 60/40 छापलेलं आणि आत 40/60 असं रीळ मी बाजारात पाहिलंय. ओळखायची सोपी रीत म्हणजे फरशीवरचा दादांचाच थेंब. जो थेंब सायीखाली बराच वेळ लोळत राहतो आणि गोठल्यावर शिशासारखा काळपट दिसतो, त्यात कथील कमी आहे. वजनही बोलतं. 60/40 ची घनता सुमारे 8.5 आणि 40/60 ची 9.3 च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच आकाराचा गोळा जड लागतो. पुण्याच्या तापकीर गल्लीत असो की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, मिश्रणाचे आकडे, तारेचा व्यास आणि फ्लक्सचा प्रकार, या तीन गोष्टी रिळावर स्पष्ट लिहिलेल्या नसतील तर मी ते रीळ ठेवून देतो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा कोर्स करणाऱ्या मुलांनाही पहिल्याच आठवड्यात हे लेबल वाचायला शिकवावं, असं मला मनापासून वाटतं. किती वॅटचं आयर्न हे सगळे सांगतात, तार कोणती हे शिकवायचं राहून जातं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने मोठी जमवाजमव करू नये. 63/37 चं, राळ भरलेलं, 0.7 किंवा 0.8 मिलिमीटरचं चांगल्या कंपनीचं छोटं रीळ, आणि नवीन सामान दुरुस्त करायचं असेल तर सोबत एक एसएसी 305 चं. मॉडेलकडे वळलात की 221 आणि 138 ची भर घाला, व्हाइटमेटल हाताशी आलं की 70 चं. रिळांवर पेनाने तापमान लिहून ठेवा आणि शिशाची व शिसंविरहित कामं वेगवेगळ्या बिटांनी करा. नवं काम हातात घेतलं की आधी त्यातला सगळ्यात नाजूक भाग शोधा. त्याला सोसेल ते तापमान ठरवा आणि त्याच्या खालची तार उचला. त्या भागाला धक्का न लागता सांधा झाला, तर बाकीचं काम निभावतंच.